गरोदरपण ते अंगावर पाजणं : अ‍ॅलर्जीच्या आय ड्रॉप्सचा माझा अनुभव

पुण्यात पाऊस ओसरला की मोकळ्या प्लॉटवर गाजरगवत फुललेलं असतं आणि माझे डोळे खाजून लाल होतात. यंदा नेमका तेव्हाच पाचवा महिना होता. घरातले जुने ड्रॉप्स बाजूला ठेवून आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना गाठलं. त्यांनी गायनॅकना विचारून सोडियम क्रोमोग्लायकेट २ टक्के लिहून दिलं. हे औषध रक्तात अगदी थोडं उतरतं आणि कित्येक वर्षं वापरात आहे, म्हणून गरोदरपणात आधी तेच, असं त्यांचं म्हणणं.

सुरुवातीला मला काहीच फरक वाटला नाही. खाज आणणारं हिस्टामाइन हे रसायन पेशींतून बाहेरच पडू द्यायचं नाही, हे या औषधाचं काम. एकदा उसळलेली खाज त्याने लगेच थांबत नाही. त्यामुळे त्रास असो-नसो, दिवसातून ४ वेळा घालावंच लागतं. घातल्यावर क्षणभर चुरचुरतं. दुसऱ्या आठवड्यापासून मात्र सकाळी पापण्या सुजायच्या थांबल्या. फार खाज सुटली की गार पाण्याची पट्टी आणि प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रू, एवढ्यावर निभावलं. धीर असेल तर चांगलं औषध आहे.

बाळ झाल्यावर ४ वेळा जमेना. उन्हाळ्यात धुळीने पुन्हा त्रास सुरू झाला, तेव्हा डॉक्टरांनी ओलोपॅटाडिन ०.१ टक्का दिलं, दिवसातून दोनदा. याने काही मिनिटांत आराम पडतो. पण दुधातून बाळाला जाईल का, ही धास्ती होतीच. अंगावर पाजणाऱ्या बायकांमध्ये या औषधाचा अभ्यास फारसा झालेला नाही. मग मी हिशोब मांडला. १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम औषध, एक थेंब साधारण ०.०४ मिलिलिटर. दोन्ही डोळ्यांचे दिवसाचे ४ थेंब म्हणजे जेमतेम ०.१६ मिलिग्रॅम. याच औषधाची गोळी ५ मिलिग्रॅमची असते. शिवाय माझ्या अंगात जाईल त्याचाही थोडाच अंश दुधात उतरणार.

तोही कमी करता येतो, आणि हे मला कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं! थेंब घातल्यावर डोळा मिटायचा, नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं दाबून धरायचा, बाहेर आलेलं औषध टिपून घ्यायचं. तिथल्या नळीतून थेंब नाकात आणि घशात उतरतो, तिथून रक्तात. दाबायला लागल्यापासून घशात येणारी कडवट चव जवळजवळ गेली. मी बाळाला पाजून झाल्यावरच थेंब घालते. बाळ दूध नीट पितंय, झोपही नेहमीसारखी आहे.

मैत्रिणींनो, लाली घालवणारे नॅफॅझोलिनचे ड्रॉप्स मेडिकलमधून मनाने आणू नका. ते रक्तवाहिन्या आकसवतात आणि सवय लागली की लाली उलट वाढते. स्टिरॉइडचे ड्रॉप्सही डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय नकोतच, डोळ्यातला दाब वाढू शकतो. लेन्स वापरत असाल तर काढून थेंब घाला, पुन्हा लावायला १५ मिनिटं थांबा. बाटली उघडली की मी तिच्यावर तारीख लिहिते आणि महिन्याने टाकून देते.