वायरलेस टेस्टरमधली एनटीपी सेटिंग: आठ महिने वापरल्यावर

सिस्टिम मेनूत जायचं, 'डेट अँड टाइम' उघडायचं, सर्व्हरचा पत्ता टाकायचा, टिक मारायची. टेस्टरची एनटीपी (नेटवर्कवरच्या सर्व्हरकडून वेळ घेऊन घड्याळ जुळवण्याची पद्धत) सेटिंग वरवर एवढीच दिसते, आणि मॅन्युअलमध्येही त्यावर फारसं काही नसतं. हा अनुभव ज्या बेंचवरचा आहे त्यावर विंडोजवर चालणारा कम्युनिकेशन टेस्टर (फोनसमोर मोबाइल नेटवर्कसारखं वागून त्याची चाचणी घेणारं उपकरण), लिनक्सवर चालणारा सिग्नल अ‍ॅनालायझर, पॅकेट कॅप्चरचा पीसी आणि शील्ड बॉक्समध्ये (बाहेरच्या रेडिओ लहरी अडवणाऱ्या पेटीत) फोन किंवा मॉड्यूल अशी मांडणी आहे. म्हणजे चार घड्याळं. त्यातलं एखादं खऱ्या वेळेपेक्षा किती चुकलंय यापेक्षा चारही एकमेकांशी जुळतात की नाही, हे इथे जास्त महत्त्वाचं.

कारण लॉग वाचायला बसलं की कळतं. टेस्टर म्हणतो रीकॉन्फिगरेशन मेसेज १०:४२:१७.३१० ला पाठवला, फोनचा लॉग म्हणतो तो १०:४२:१५.९०४ ला मिळाला. पाठवण्याआधीच पोचलेला मेसेज! हँडओव्हर (फोन एका सेलवरून दुसऱ्यावर जाणं) का फसला हे अशा दोन लॉगमधून शोधणं म्हणजे वेळेचा अपव्यय. मिलिसेकंदांची भाषा करणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये दीड सेकंदाच्या फरकात शेकडो मेसेज मागेपुढे होतात.

हा फरक येतो कुठून? टेस्टरमध्ये महागडा ओसीएक्सओ (तापमान स्थिर राखलेला अचूक क्रिस्टल) असतो खरा, पण तो आरएफ म्हणजे रेडिओ भागासाठी. आतल्या कंट्रोलर बोर्डाचं घड्याळ सहसा साध्या क्रिस्टलवर चालतं. २० पीपीएम (दहा लाखांत २०) चूक धरली तरी दिवसाला १.७ सेकंद, आठवड्याला १२ सेकंद. आणि डोमेनमध्ये (कंपनीच्या केंद्रीय व्यवस्थेत) नसलेल्या जुन्या विंडोजमध्ये वेळ तपासण्याचं मूळ अंतर ६,०४,८०० सेकंद, म्हणजे बरोबर सात दिवस. नंतरच्या विंडोज १० मध्ये ते ३२,७६८ सेकंद, साधारण नऊ तास, झालं. बेंचसाठी तेही फारच. ९०० सेकंद ठेवल्यावर काम भागतं.

सगळ्यात जास्त वेळ विंडोजवाल्या टेस्टरने खाल्ला. सेटिंगच्या पानावर 'एनटीपी चालू' असं दिसतं, त्याचा अर्थ फक्त टिक मारलेली आहे एवढाच. खरी स्थिती कमांड प्रॉम्प्टवर कळते: डब्ल्यू-३२-टीएम, पुढे 'क्वेरी' आणि 'स्टेटस'. उत्तरात 'सोर्स' ही ओळ बघायची. तिथे सर्व्हरचा पत्ता असेल तर ठीक. 'लोकल सीमॉस क्लॉक' किंवा 'फ्री-रनिंग सिस्टिम क्लॉक' असेल तर टेस्टर कुणाचंच ऐकत नाहीये, पानावर काहीही दिसो. शेवटचं यशस्वी सिंक कधी झालं, तेही तिथेच दिसतं. ही एक ओळ मुख्य स्क्रीनवर असती तर निम्मी डोकेदुखी वाचली असती. या सोयीची मोठी उणीव तीच.

सिंक न होण्याची कारणं तीन-चारच, पण एकाच वेळी दोन असली की माणूस भलतीकडे शोधत बसतो. पहिलं म्हणजे टाइम सर्व्हिस. डोमेनबाहेरच्या विंडोजवर ती 'मॅन्युअल, ट्रिगर स्टार्ट' असते, कामापुरती उठते आणि पुन्हा झोपते. ती ऑटोमॅटिक करून रीस्टार्टनंतरही चालू आहे ना, हे बघायचं. दुसरं, पत्त्यामागचा फ्लॅग. नुसता पत्ता टाकला तर विंडोज सिमेट्रिक मोडची पाकिटं पाठवतं आणि काही सर्व्हर त्यांना उत्तरच देत नाहीत. पत्त्यानंतर स्वल्पविराम देऊन ०एक्स९ लिहायचं: यातला ८ क्लायंट मोडसाठी, १ स्वतः ठरवलेल्या पोल अंतरासाठी (किती सेकंदांनी वेळ विचारायची ते). तो १ नसेल तर वर म्हटलेले ९०० सेकंद रजिस्ट्रीत नुसते पडून राहतात. तिसरं, फायरवॉल: यूडीपी १२३. पिंग चालतं म्हणून एनटीपी चालेलच असं नाही. डब्ल्यू-३२-टीएमच्या 'स्ट्रिपचार्ट'ने पाच नमुने घेतले की लगेच कळतं. ऑफसेट (सर्व्हरच्या वेळेशी असलेला फरक) छापून आला तर रस्ता मोकळा आहे, एरर आली तर अडथळा वाटेत आहे. इथे ऑफसेट आला आणि 'सोर्स' तरी सीमॉसच राहिला, तर घोळ सर्व्हिसमध्ये किंवा फ्लॅगमध्ये.

चौथं कारण जरा छुपं आहे. बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी संपली की टेस्टर बंद करून चालू केल्यावर तारीख काही वर्षं मागे जाते. स्वतंत्र विंडोजची सुधारणेची मूळ मर्यादा ५४,००० सेकंद, म्हणजे १५ तास आहे. त्यापेक्षा जास्त फरक दिसला तर ते सर्व्हरलाच चुकीचा ठरवतं आणि इव्हेंट लॉगमध्ये एक नोंद करून गप्प बसतं. लिनक्सवरचं जुनं एनटीपीडी (एनटीपीचा प्रोग्रॅम) त्याहून कडक: १,००० सेकंदांहून जास्त फरक असेल तर ते चक्क बंद पडतं, सुरू करताना 'जी' पर्याय दिला असेल तरच पहिली मोठी उडी मान्य करतं. उपाय साधा: बॅटरी बदला, वेळ हाताने जवळपास लावा, मग रीसिंक. मर्यादा काढून टाकण्याचा मोह होतो, पण सर्व्हरच बिघडला तर तीच मर्यादा वाचवते.

नेटवर्कच्या बाजूचा एक सापळा टेस्टरलाच लागू पडतो. त्याला बहुधा दोन लॅन पोर्ट असतात, एक कंट्रोलचा आणि दुसरा फोनच्या डेटासाठी. दोन्हींवर डिफॉल्ट गेटवे भरला की एनटीपीची पाकिटं कधी इकडून तर कधी तिकडून जातात, आणि 'सकाळी चालत होतं, दुपारी बंद' असा प्रकार सुरू होतो. गेटवे एकाच पोर्टवर ठेवायचा. वेगळ्या काढलेल्या लॅब नेटवर्कमध्ये डीएनएस नसेल तर नावाऐवजी आयपी पत्ता द्यायचा, पण तो आपल्या स्वतःच्या सर्व्हरचा. सार्वजनिक पूलमधल्या सर्व्हरचा आयपी पत्ता कधीही बदलू शकतो.

स्वतःचा सर्व्हर हा या आठ महिन्यांतला सगळ्यात फायद्याचा बदल. कुठलाही छोटा लिनक्स पीसी पुरतो. त्यावर क्रॉनी (एनटीपीचं दुसरं सॉफ्टवेअर) टाकायचं, त्याला वेळ घेण्यासाठी वर चार सर्व्हर द्यायचे (दोन दिले आणि त्यांचं आपसात जमलं नाही तर खरं कोण हे ठरवता येत नाही), 'अलाउ'मध्ये लॅबचा सबनेट आणि 'लोकल स्ट्रॅटम १०' ही ओळ. ती ओळ नसली आणि पीसी बाहेरचं नेटवर्क नसताना सुरू झाला, तर तो स्वतःला सिंक झालेला म्हणवतच नाही आणि टेस्टर त्याची वेळ घेत नाहीत. ओळ असली की निदान सगळा बेंच एकाच घड्याळावर राहतो. वरच्या चारांत लीप सेकंद (जागतिक वेळेत अधूनमधून घातला जाणारा जादा सेकंद) पसरवून देणारे आणि न देणारे सर्व्हर एकत्र करू नका, त्या दिवशी त्यांच्यात अर्ध्या सेकंदापर्यंत तफावत पडते. शेवटचा लीप सेकंद २०१६ च्या ३१ डिसेंबरचा, म्हणून ही गोष्ट विस्मरणात जाते. एकाच स्विचवर लिनक्स उपकरणं एका मिलिसेकंदाच्या आत बसतात, विंडोज टेस्टर काही मिलिसेकंदांत. लॉग जुळवायला तेवढं पुरतं.

वेळ जुळणं जितकं महत्त्वाचं, तितकंच ती कधी जुळवली जाते हेही. टेस्ट चालू असताना घड्याळ मागे उडी मारतं तेव्हा रिपोर्टमध्ये उणे कालावधी येतात. फ्लोटिंग लायसन्स मॅनेजरला घड्याळ मागे गेलेलं दिसलं तर तो लायसन्सच नाकारू शकतो. क्रॉनीत 'मेकस्टेप १.० ३' ठेवलं की एका सेकंदापेक्षा मोठी उडी फक्त पहिल्या तीन अपडेटमध्ये, नंतर सगळं हळूहळू सरकवून. एनटीपीडी मात्र १२८ मिलिसेकंदांहून जास्त फरक टिकून राहिला तर केव्हाही उडी मारतं, आणि सरकवतं ते फार तर ५०० पीपीएमने, म्हणजे एका सेकंदाला सुमारे ३३ मिनिटं. त्यामुळे टेस्टर चालू करून अर्धा तास तापू देतो ना आपण, त्याच वेळात घड्याळही बसू द्यावं. रन सुरू करण्याआधी ऑफसेट बघून स्क्रिप्टनेच थांबावं हे उत्तम. एससीपीआयच्या (उपकरणांना आज्ञा देण्याच्या भाषेच्या) सिस्टिम-टाइम क्वेरीवर मात्र भिस्त ठेवू नका, बहुतेक उपकरणं पूर्ण सेकंदच परत देतात.

टेस्टरचं घड्याळ चुकलं की फोनचंही चुकतं, हे पटकन लक्षात येत नाही. नेटवर्क सिम्युलेटर एलटीईत ईएमएम इन्फर्मेशन मेसेजमधून आणि ५जीत कॉन्फिगरेशन अपडेट कमांडमधून फोनला वेळ देऊ शकतो, आणि ती टेस्टरच्या सिस्टिम घड्याळावरून घेतलेली असली की त्याची चूक सरळ फोनमध्ये जाते. मग फोन नोंदणी करतो, आयपी मिळवतो, पिंगही होतो, पण टीएलएस (सुरक्षित) जोडणी अडते, कारण फोनच्या मते सर्टिफिकेटची मुदत अजून सुरूच झालेली नाही किंवा कधीच संपलीय. लक्षणं डेटा पाथ बिघडल्यासारखी आणि दोष तारखेचा. टाइम झोन या मेसेजमध्ये पाव तासाच्या एककात जातो: +५:३० साठी २२, +५:४५ साठी २३. हाताने भरताना तासांचा आकडा टाकला की फोन भलत्याच वेळेवर जातो. उपकरणांवर सरळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेवावं, फोनला द्यायचा झोन तेवढा वेगळा ठरवावा.

एनटीपी लावलं म्हणून फ्रीक्वेन्सी एरर सुधारेल, ही अपेक्षा मात्र ठेवू नये. २.६ गीगाहर्ट्झवर ०.१ पीपीएम म्हणजे २६० हर्ट्झ. त्याचा एनटीपीशी काही संबंध नाही, तिथे १० मेगाहर्ट्झचा बाहेरचा रेफरन्सच लागतो.

टेस्टरचं सॉफ्टवेअर अपडेट केलं किंवा इमेज रिस्टोअर केली की सर्व्हिस, फ्लॅग आणि पोल अंतर पुन्हा तपासावं लागतं. इमेज रिस्टोअरनंतर तिन्ही मूळपदावर गेलेली सापडतात, आणि सेटिंगच्या पानावरची टिक तेव्हाही जागच्या जागी दिसू शकते.