स्टोइक, एपिक्युरस की ॲरिस्टॉटल: कोणाची किंमत परवडते?

दुसऱ्या शतकातल्या लुकियन या ग्रीक लेखकाने एका विनोदी संवादात तत्त्वज्ञांचा लिलाव मांडलाय. दुकान देवांचा राजा झ्यूसचं, बोली पुकारणारा देवदूत हर्मीस. कुणाची भीडभाड न ठेवणारा डायोजेनिस २ ओबोलांत (ओबोल हे ग्रीकांचं चिल्लर नाणं) जातो. एपिक्युरसचा पंथ २ मिनांना, स्टोइक पंथाचा क्रिसिपस १२ ला, ॲरिस्टॉटलचा पंथ २० ला. एका मिनाचे ६०० ओबोल होतात, त्यावरून डायोजेनिसची काय पत ठेवलीय ते कळतं. थट्टा सोडली तरी पंथ निवडताना विचारायचा प्रश्न हाच: घेतला तर मला काय मोजावं लागेल?

सध्या चलती स्टोइकांची आहे. ‘काही गोष्टी आपल्या हातात, काही नाहीत’ हे एपिक्टेटसचं सूत्र मोबाइलच्या पडद्यावर रोज कुठे ना कुठे दिसतं. एपिक्टेटस स्वतः गुलामीतून वर आलेला, त्यामुळे ते त्याच्या तोंडी शोभतं. पण सूत्राचं पुढचं बिल कोणी दाखवत नाही. स्टोइकांच्या मते खऱ्या अर्थाने चांगला फक्त सद्गुण. आरोग्य, पैसा, अगदी पोटचं मूलसुद्धा ‘असलं तर बरं’ या खात्यात. मुलाचा पापा घेताना स्वतःला बजाव की हा मर्त्य जीव आहे, असं एपिक्टेटस सांगतो. हे झेपणार असेल तरच पुढे जावं. शिवाय ही अलिप्तता उभी आहे ती सगळं विश्व एका विवेकी योजनेने चाललंय या श्रद्धेवर. ती श्रद्धा काढून नुसतं सूत्र घेतलं, तर हाती मनःशांतीचा एक तोडगा उरतो; दर्शन नाही. आपल्याकडे स्टोइक म्हणजे स्थितप्रज्ञ असं चटकन म्हटलं जातं, पण शहाण्या माणसाचा आनंद त्यांना मान्य होता, एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

एपिक्युरसचं नाव उगाच बदनाम झालं. ‘सुखवादी’ म्हटलं की ‘ऋणं कृत्वा घृतं पिबेत्’ आठवतं. प्रत्यक्षात अथेन्समधल्या त्याच्या बागेत पाहुण्यापुढे सातूचं पीठ आणि पाणी ठेवत, असं रोमन स्टोइक सेनेका लिहितो, आणि तो तर विरोधी गोटातला! एपिक्युरस एका मित्राला लिहितो, थोडं चीज पाठव, म्हणजे वाटेल तेव्हा मेजवानी करता येईल. सुख म्हणजे शरीराला वेदना नाही आणि मनाला घोर नाही, बस. इच्छांच्या तो तीन राशी करतो: नैसर्गिक आणि गरजेच्या, नैसर्गिक पण गरजेच्या नसलेल्या, आणि दोन्ही नसलेल्या. कीर्ती, सत्ता या तिसऱ्या राशीत. म्हणजे किंमत इथेही आहे. राजकारण सोडा, नाव कमवायचं सोडा, देव मदतीला येईल ही आशा सोडा, मेल्यानंतर काही आहे तेही सोडा. इ.स.पू. १५५ मध्ये अथेन्सने दंड कमी करून घ्यायला रोमकडे तीन तत्त्वज्ञ धाडले: एक प्लेटोच्या अकादमीचा, एक ॲरिस्टॉटलच्या परंपरेतला, एक स्टोइक. एपिक्युरसचा एकही नव्हता, यात नवल नाही.

दुखणं आलं की दोघांतला फरक उघडा पडतो. स्टोइक म्हणेल, वेदना वाईट नाहीच. एपिक्युरस वेदनेला वाईटच म्हणतो. मूतखड्याच्या यातना सोसत तो इ.स.पू. २७० मध्ये गेला. शेवटच्या पत्रात त्याने लिहिलं की जुन्या गप्पांच्या आठवणीचा आनंद या यातनांना तोलून धरतोय. त्याच पत्रात दिवंगत मित्राच्या मुलांकडे बघा अशी विनंती. मला हा माणूस इथे जास्त पटतो. मात्र मित्र नसतील तर त्याचं औषध लागू पडणं कठीण.

ॲरिस्टॉटल सगळ्यांत महाग, कारण तो नशीब मागतो. सद्गुण हवाच, पण मित्र, थोडा पैसा, बरी संततीही हवी. ट्रॉयचा राजा प्रायम याने म्हातारपणी मुलं आणि नगर दोन्ही गमावलं; असं वाट्याला आल्यावर त्याला कोण सुखी म्हणेल? सांत्वन शून्य, पण असं खरं बोलणारे थोडे. अलेक्झांडरबरोबर भारतापर्यंत आलेल्या पिऱ्होचा संशयवाद मी यादीत घेत नाही. कशावरच निर्णय देऊ नका म्हणणाऱ्याकडे निवडीसाठी काय जायचं?

घरात मोठं आजारपण असेल, किंवा दुसऱ्याच्या मर्जीवर दिवस काढावे लागत असतील, तर एपिक्टेटसची छोटी पुस्तिका घ्या. ५३ तुकडे, एका संध्याकाळचं वाचन. बढतीच्या शर्यतीत झोप उडाली असेल तर एपिक्युरसने मेनोइकियसला लिहिलेलं पत्र, तेही चार-पाच पानांचंच. तब्येत, घर, माणसं सगळं जागच्या जागी असेल तर ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राची दहा प्रकरणं. त्यातली मैत्रीवरची आठवं आणि नववं आधी वाचली तरी बिघडत नाही.