प्लिनी द एल्डर: डिसेंबर ते मे, वरूड तालुक्यात

आधी निकाल सांगतो, मग पुराण. या बिअरचं जे कौतुक चालतं ते पोकळ नाही. फक्त ते ताज्या बाटलीचं आहे, आणि ताजी म्हणजे भरल्यापासून थोडे आठवडे, तेही सगळा वेळ थंडीत काढलेले. आमच्यासारख्या ४५ अंशांच्या मुलखात हे आधी समजून घ्यावं, मग कुणाला आणायला सांगावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅलिफोर्नियातल्या सांता रोझाच्या रशियन रिव्हर ब्रुइंग कंपनीची ही डबल आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल या कडू, सुगंधी बिअरचा आणखी तगडा प्रकार, अल्कोहोल ८ टक्के. ती बनवणारे विनी सिलुर्झो यांनी १९९४ मध्ये, आधीच्या ब्लाइंड पिग ब्रुअरीत असताना, पहिली डबल आयपीए काढली असं मानलं जातं. नाव रोमन पंडित प्लिनीचं. हा गृहस्थ इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेला. हिची धाकटी बहीण 'प्लिनी द यंगर' वर्षातून मोजकेच दिवस निघते आणि तिच्यासाठी लोक तासन्‌तास रांगेत उभे राहतात.

आमच्याकडे ती आली भाच्याच्या बॅगेतून. परदेशातून येताना माणशी दोन लिटर दारू आणता येते, त्यात त्याने अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या बसवल्या. नागपूर विमानतळावरून आम्ही मुद्दाम काटोल-जलालखेडामार्गे आलो. तळेगावचा रस्ता चांगला आहे, पण तो वर्धा जिल्ह्यातून जातो आणि तिथे दारूबंदी. घरी पोचल्यावर भाच्याचा पहिला हुकूम: "मामा, उभ्या ठेवजा, आडव्या नका ठेवू. अन्‌ फ्रिजातच."

पहिली बाटली डिसेंबरात, संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड चालू असताना उघडली. बर्फासारखी गार प्यायची नाही, फ्रिजमधून काढून दहा मिनिटं थांबायचं, नाहीतर वास दबून राहतो. स्टीलच्या पेल्यातही नको. काचेच्या ग्लासात ओता. रंग फिकट सोनेरी, फेस पांढरा आणि टिकाऊ. वासाबद्दल मी बरंच वाचलं होतं, आणि तरीही चकित झालो. संत्र्याची साल नखाने दाबल्यावर जो तेलाचा फवारा उडतो, तो वास. बागेतून हात न धुता आलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्याखाली ताज्या राळेचा एक थर, तो बहुतेक सिम्को नावाच्या हॉप्सचा. हॉप्स म्हणजे एका वेलीची मादी फुलं. उकळताना टाकली तर कडूपणा देतात, बिअर आंबून झाल्यावर टाकली तर वास देतात. हिच्यात दोन्ही कामं सढळ हाताने केली आहेत.

कडू आहे, प्रश्नच नाही. शेजारच्या शेतातल्या मित्राने एक घोट घेतला आणि ग्लास माझ्यापुढे सरकवला: "हे तं कडूनिंबाचा पाला वाटून देल्ला बे!" पण त्यानेच पाच मिनिटांनी ग्लास परत ओढला. गंमत म्हणजे आपल्याकडच्या स्ट्राँग बिअरच्या डब्यावरही आठ टक्क्यांचाच आकडा असतो. तिथे अल्कोहोल घशाला लागतं, इथे ते सापडतच नाही. म्हणून सांभाळून. अर्धा लिटर एकट्याने संपवू नये, दोघांत घ्यावी.

सोबत सावजी मटण ठेवण्याचा मोह टाळा. कडूपणा आणि अल्कोहोल दोन्ही तिखट वाढवतात. जीभ पेटते आणि ना मटण कळत ना बिअर. सांबारवडी (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर) मात्र सुरेख जमली. भाजलेले शेंगदाणेही चालतील.

दुसरी बाटली फेब्रुवारीअखेर उघडली. ती फ्रिजमध्येच होती, पण आमच्या फिडरची वीज रोज कुठे ना कुठे जातेच. बिअर चांगलीच होती. फक्त सालीचा तो फवारा गेला होता, आणि माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, गोडवा जो आधी मागे उभा होता तो पुढे आला होता. आधीची प्यायली नसती तर खूश झालो असतो.

तिसरी मी मुद्दाम कपाटात ठेवली होती, अंधारात, मे महिन्यापर्यंत. काय होतं ते बघायचंच होतं. रंग गडद झाला होता, वासाच्या जागी ओल्या पुठ्ठ्याचा वास आणि चवीत मधासारखं काहीतरी जड. कडूपणा तेवढा शिल्लक. बाटलीत राहिलेला जरासा ऑक्सिजन उष्णतेने झपाट्याने कामाला लागतो, आणि हॉप्सची सुगंधी तेलं सगळ्यात आधी बळी जातात. कंपनीचा यात काडीचा दोष नाही. लेबलवरच ठणकावून लिहिलंय की ही मुरवायची बिअर नव्हे, ताजी प्या. उन्हात मात्र मी एकही ठेवली नाही. प्रकाशाने हॉप्समधले घटक तुटून बिअरला घाणेरडा वास येतो, तपकिरी काच त्यासाठीच असते, ते बघायला अमेरिकेहून बाटली आणायची गरज नाही.

पुण्याला जाणं होत असेल तर तिथे नळावरची ताजी आयपीए प्या. पल्ला प्लिनीचा नसेल, पण आमच्या मे महिन्यातल्या प्लिनीपेक्षा ती कधीही सरस. आणि कुणी खरंच कॅलिफोर्नियातून येत असेल, तर त्याला बाटलीवर छापलेली भरल्याची तारीख बघायला सांगा, थंडीतच बोलवा, आणि आणलेल्या सगळ्या बाटल्या त्याच आठवड्यात संपवा. भाच्याला मी तसा निरोप धाडलाय.