जन्मनोंदीचा उतारा की शाळेचा दाखला?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील अनेक ज्येष्ठांकडे वयाचे दोन पुरावे असतात, आणि त्यांतल्या तारखा जुळतीलच असे नाही. जन्मनोंद घटनेच्या सुमारास होते, शाळेतली तारीख मात्र पूर्वी गुरुजी अंदाजाने, बहुधा १ जून अशी, मांडत असत (एकाच वर्गात निम्म्यांचा वाढदिवस त्या दिवशी!). समजा, उताऱ्यावर १४ फेब्रुवारी १९६१ आणि दाखल्यावर १ जून १९६० आहे, तर फरक ८ महिने १३ दिवसांचा पडतो. कर्नाटकात सरकारी नोकर साठाव्या वर्षी निवृत्त होत असल्याने तेवढा पगारच बुडतो.

अचूकतेत माझा कौल उताऱ्यालाच आहे. तरीही दाखला टाकाऊ नव्हे, कारण २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम ९४ वयनिश्चितीसाठी शाळेचा किंवा मॅट्रिकचा दाखला आधी पाहते आणि तो नसल्यासच महापालिका वा पंचायतीच्या जन्म प्रमाणपत्राकडे वळते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी मात्र शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी आदी कामांत जन्म प्रमाणपत्रच ग्राह्य धरले जाते.