वडगावची कडक भाकरी

बेळगावात कडक भाकरी विकणारी दुकाने आता गल्लोगल्ली झाली आहेत, त्यामुळे वडगावच्या विणकर वस्तीतल्या एकाच दुकानाविषयी एवढे सविस्तर लिहिण्याचे कारण आधी सांगायला हवे. मी निवृत्त भूगोल शिक्षिका आहे, २०१९ च्या पुरापासून या दुकानाची गिऱ्हाईक आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथे जे पाहिले त्यानंतर या भाकरीची चव मला निराळी लागू लागली आहे. ज्यांना केवळ चव आणि भाव हवा आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद वाचून थांबले तरी चालेल.

दुकानाला पाटी नाही. ती कोणत्या भाषेत लावायची हा आपल्याकडचा प्रश्नच नको म्हणून लावली नसावी, असा माझा तर्क आहे. आत शिरताच डाव्या हाताला चार चुली, उजवीकडे दुरड्या आणि मध्ये वजनकाटा. भाकरी शाळूची, तीही मालदांडी ज्वारीची, आणि पीठ रोजच्या रोज दळलेले, कारण शिळ्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना कडेला चिरते. पिठात आळे करून उकळते पाणी ओततात, मळून गोळा पाटावर दोन्ही हातांनी थापतात, तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवतात, आणि भाजून झालेली भाकरी लगेच दुरडीत न ठेवता चुलीच्या कडेला उभी लावून मंद आचेवर तिच्यातला उरलासुरला ओलावा जाऊ देतात. हा शेवटचा टप्पा बाकीची दुकाने घाईने उरकतात. इथे तो उरकला जात नाही, म्हणून इथली भाकरी महिनाभर टिकते आणि मोडताना पापडासारखा आवाज होतो. एक भाकरी आठ रुपयांना पडते. तीळ लावलेली आणि सज्ज्याची, म्हणजे बाजरीची, थोडी महाग आहे, पण ती थंडीतच घ्यावी.

चटण्यांपैकी शेंगा चटणी अप्रतिम आहे. ती खलबत्त्यात कुटतात, त्यामुळे तिला तेल सुटते आणि ती गोळ्यासारखी धरते. गुरेळ्याची, म्हणजे कारळ्याची, चटणीही चांगली आहे. अगशीच्या, म्हणजे जवसाच्या, चटणीत मात्र मीठ नेहमी जास्त असते आणि हे मी तीन वेळा सांगूनही सुधारलेले नाही. भाकऱ्या बांधून देण्याची पद्धत तर निष्काळजीपणाची आहे. पातळ पिशवीत दहा-दहाचे पुडके घालून देतात आणि टिळकवाडीपर्यंत रिक्षाने आणेपर्यंत खालच्या दोन भाकऱ्यांचा चुरा होतो. मागणी वहीत लिहून घेत नाहीत, तोंडी लक्षात ठेवतात, आणि एकदा माझ्या चाळीस भाकऱ्या दुसऱ्याच कुणाला देऊन टाकल्या होत्या, त्याही मुलगी पुण्याला निघायच्या दिवशी.

आता मुख्य विषय. प्रत्येक पुडक्यात एक चिठ्ठी असते. तीवर एका बाजूला कन्नडमध्ये आणि दुसऱ्या बाजूला मराठीत लिहिलेले असते की ही भाकरी वाळलेली आहे, खराब झालेली नाही. मोडून गरम सारात किंवा आमटीत टाकावी आणि पाच मिनिटे झाकून ठेवावी. ज्या गावात लेकरू दात येण्याआधी भाकरी चोखते त्या गावात ही सूचना कशाला, असे मला वाटत असे. दुकान चालवणाऱ्या अक्कांना विचारले तेव्हा कळले की २०१८ च्या ऑगस्टमध्ये कोडगूत, म्हणजे कूर्गमध्ये, डोंगर खचले तेव्हा त्यांनी इथून पोती भरून भाकऱ्या पाठवल्या होत्या, आणि तिथल्या भात खाणाऱ्या माणसांना हे कडक चक्राकार काय आहे ते कळलेच नव्हते. पोती छावणीत तशीच पडून राहिली. "न विचारता पाठवलं की असं होतंय, बाई," एवढेच अक्का म्हणाल्या. मात्र चिठ्ठी तेव्हापासून सुरू झाली ती अजून चालू आहे, इथल्या गिऱ्हाइकांनासुद्धा मिळते, कारण पुडके पुढे कुणाच्या हाती जाईल ते त्यांना ठाऊक नसते.

पुढच्याच वर्षी पाणी आपल्याकडे आले. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, वेदगंगा, घटप्रभा आणि मलप्रभा अशा सगळ्याच नद्यांनी पात्र सोडले, निपाणीजवळ यमगर्णीला महामार्ग पाण्याखाली जाऊन पुण्याकडची वाहतूक थांबली, आणि रामदुर्गात मलप्रभा घराघरांत शिरली. अक्कांचे माहेर तिकडचे. घराची मागची भिंत बसली हे त्यांना दोन दिवसांनी समजले, आणि ते दोन्ही दिवस त्या भाकऱ्याच थापत होत्या. मी पीठ द्यायला म्हणून गेले आणि संध्याकाळपर्यंत तिथेच राहिले. लोक घरात असेल नसेल ते पीठ आणून देत होते, त्यातले निम्मे विरी गेलेले. त्याची उकड काढून, थोडे गव्हाचे पीठ घालून ते वळणावर आणले जात होते. थापायला आलेल्यांत खानापूरकडच्या आमच्या भात खाणाऱ्या बायका होत्या, मागावर बसणाऱ्या होत्या, शेजारच्या गल्लीतल्या दोघी मुसलमान बहिणी होत्या आणि कॅम्पातल्या एका जवानाची पंजाबी बायको होती, जिची भाकरी कशी केली तरी बोटभर जाड होत असे. अक्कांनी तिला थापणे सोडायला सांगितले नाही. जाड भाकरी वाळत नाही, लवकर बुरसते, म्हणून तिच्या भाकऱ्या त्याच संध्याकाळी शहरातल्या छावणीला, मध्यम जाडीच्या गोकाकला आणि अगदी पातळ, पूर्ण वाळलेल्या त्या गाडी कधी पोचेल याची खात्री नाही अशा गावांना, अशी वाटणी त्यांनी केली. मी पस्तीस वर्षे मुलांना अंतर किलोमीटरमध्ये शिकवले. अंतर भाकरीच्या जाडीत मोजताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

तेव्हाचे दुःख जवळचे होते. हाताने काही करता येत होते, म्हणून ते सोसवलेही. नोव्हेंबर २०२५ मध्ये मात्र मी वेगळ्याच मनःस्थितीत दुकानात उभी होते. सुदानमधल्या दारफूरचे एल फाशेर हे शहर पाचशेहून अधिक दिवसांच्या वेढ्यानंतर ऑक्टोबरच्या अखेरीस पडले होते, तिथे दुष्काळ असल्याचे अधिकृतपणे जाहीर झाले होते, आणि रांगेत उभी असताना मी फोनवर वाचत होते की वेढ्यातली माणसे कित्येक महिने 'अंबाझ' खाऊन जगत होती. अंबाझ म्हणजे शेंगदाण्याचे तेल गाळल्यावर उरणारा चोथा. दुकानाला लागूनच तेलाचा घाणा आहे आणि त्याच्या दारात म्हशींसाठीची शेंगपेंड पोत्यांत भरून ठेवलेली असते. वाचता वाचता माझी नजर त्या पोत्यांवर गेली, आणि वीस भाकऱ्या व पाव किलो चटणी सांगायला आलेली मी काहीच न सांगता बाजूला जाऊन बसले.

अक्कांनी कारण विचारले, मी सांगितले. त्यांनी काही न बोलता घाण्याच्या दारातून पेंडीचा एक कपचा उचलून आणला, दोन्ही हातांनी मोडला, हुंगला आणि तोंडात टाकला. बराच वेळ त्या चावत होत्या. मग पाण्याचा तांब्या घेतला.

"घशाला धरतंय की हो. लेकरं कशी गिळत असतील?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. शिक्षिकेची सवय म्हणून मी त्यांना वेगळेच सांगू लागले, की आपली ज्वारी मुळात त्या लोकांची आहे. पूर्व सुदानात, कसाला शहराच्या बाजूला, पाच हजार वर्षांपूर्वीची खापरे सापडली आहेत आणि त्यांच्या मातीत लागवडीखालच्या ज्वारीच्या कोंड्याचे ठसे आहेत; यापेक्षा जुना पुरावा अजून कुठे मिळालेला नाही. पुढे हजारेक वर्षांत ती भारतात पोचली आणि दख्खनच्या काळ्या जमिनीत रुजली. दोन नाईल नद्यांमधल्या गेझिरा पट्ट्यातली जमीनही आपल्या सौंदत्ती-रामदुर्गसारखीच काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी आहे. तिथे ज्वारीचे पीठ आंबवून तव्यावर कागदासारखी पातळ किसरा पसरतात, आणि असिदा नावाचा घट्ट गोळा शिजवतात, आपल्याकडच्या नाचणीच्या 'मुद्दे' या उकडलेल्या गोळ्यासारखा. अक्कांना ज्वारीच्या वयाचे फारसे काही वाटले नाही. पीठ आंबवल्यावर ते तव्याला चिकटत कसे नाही, हे मात्र त्यांनी दोनदा विचारले.

मग त्यांनी विचारले, "आता तिकडं चूल कोण पेटवतंय?"

हे मला ठाऊक होते, कारण त्या बातम्यांतला तेवढाच भाग मी पुन्हा पुन्हा वाचत असे. एप्रिल २०२३ मध्ये सुदानच्या सैन्यात आणि आरएसएफ या निमलष्करी दलात युद्ध सुरू झाल्यावर, जिथे सरकार उरले नाही आणि परदेशी संस्था पोचू शकल्या नाहीत, तिथे मोहल्ल्यांतल्या तरुण-तरुणींनी आपत्कालीन प्रतिसाद कक्ष उभे केले. रुग्णवाहिका, विहिरींची दुरुस्ती, औषधे आणि सर्वांत जास्त म्हणजे सामुदायिक स्वयंपाकघरे ते चालवतात. या स्वयंपाकघरांना तिथे 'तकाया' म्हणतात, एकवचनी तकिया, सूफी दर्ग्यांच्या जुन्या अन्नदानावरून पडलेले नाव. आपल्याकडे फकिराच्या ठाण्याला तक्या म्हणतात तो हाच शब्द, आणि काम म्हणाल तर आपल्या लिंगायत मठांतल्या दासोहाचे, म्हणजे अन्नदानाचे. पैसा बराचसा परदेशी गेलेले सुदानी लोक फोनवरून धाडतात. २०२५ च्या आरंभी अमेरिकेची मदत थांबली तेव्हा यांतली शेकडो स्वयंपाकघरे बंद पडली, काही पुन्हा सुरू झाली. एल फाशेरमध्ये तर शेवटी पेंडसुद्धा मिळेना म्हणून चुली विझल्या, पण तिथून निसटलेली माणसे साठ किलोमीटरवरच्या तविला गावी पोचली तिथे त्यांच्यासाठी पुन्हा भांडी चढली. याच कक्षांना २०२५ चा राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला आहे.

पुरस्काराचे ऐकून अक्कांनी मान डोलावली खरी, पण त्यांचे प्रश्न निराळेच होते. भांडे किती लिटरचे? सरपण कुठून आणतात? पाणी कोण भरते, आणि ओळीत शेवटच्याला कमी पडू नये म्हणून डाव कुणाच्या हातात असतो? चुलीपाशी बसलेल्या दोघीही आता थापायचे थांबवून ऐकत होत्या. एकीने सांगितले की २०१९ ला डाव आपल्याकडे होता आणि पहिल्या दिवशी आपण चुकलो होतो, पुढच्यांना जास्त वाढले होते. त्यांच्या बोलण्यात दया नव्हती. एका खानावळीने दुसऱ्या खानावळीची अडचण समजून घ्यावी तसे ते बोलणे होते, आणि आठवडाभर ज्या बातमीने मला जेवू दिले नव्हते ती बातमी त्या अर्ध्या तासात प्रेतांच्या आकड्यांवरून सरकून पाणी, सरपण आणि डाव यांवर आली होती. मला तेवढ्यानेच श्वास घेता आला. त्यामुळे तिथली एक व्यक्तीसुद्धा वाचली नाही, हे मला कळते.

एकजण म्हणाली की आपण भाकऱ्या धाडू या. अक्कांनी नकार दिला. तिकडे विमान जात नाही, गाडी जात नाही, आणि कोडगूचे पोते त्या विसरल्या नव्हत्या. देणगीची पेटी ठेवावी, असेही कुणी सुचवले. तेही त्यांनी टाळले, कारण पैसा नेमका कुठे गेला ते गिऱ्हाइकाला दाखवता येणार नाही. मला हा नकार त्या दुकानाचा मोठा गुण वाटतो. मदतीच्या नावाने पेटी ठेवून महिनोन्महिने हिशेब न देणारी ठिकाणे आपण सर्वांनी पाहिली आहेत. जे पोचवता येते ते मात्र त्या पोचवतात: रोज संध्याकाळी उरलेल्या आणि कड मोडलेल्या भाकऱ्यांचे पुडके, चटणीसह, सरकारी दवाखान्यात बाहेरगावच्या रुग्णांसोबत आलेल्या माणसांकडे जाते, आणि त्यात ती चिठ्ठीही असते. मी माझ्यापुरते घरी येऊन त्या स्वयंपाकघरांसाठी थोडे पैसे पाठवले; रक्कम सांगण्याजोगी नाही.

त्या दिवसापासून एक नवीनच अडचण झाली आहे. मी दुकानात गेले की अक्का काट्यावर चटणी ठेवण्याआधी विचारतात, "तविलाच्या चुली चालू हाईत काय, बाई?" नुसते 'असतील' म्हटलेले त्यांना चालत नाही, म्हणून निघण्याआधी मला शोधून, वाचून जावे लागते. कधी चांगले सांगता येते, कधी नाही. वाईट असेल त्या दिवशी त्या काहीच बोलत नाहीत, पण चुलीपाशी बसलेल्यांना कन्नडमध्ये सगळे नीट समजावून सांगतात, आणि मागच्या आठवड्यात त्यांतली सर्वांत धाकटी मला सुदान नकाशावर कुठे येते ते विचारत होती. माझा जुना शालेय नकाशासंग्रह आता पिठाच्या डब्यावर ठेवलेला असतो आणि त्याच्या आफ्रिकेच्या पानावर पांढरी बोटे उमटली आहेत.

ज्यांना जायचे असेल त्यांनी सकाळी अकराच्या आत जावे, त्यानंतर तिळाची भाकरी उरत नाही. घरून पत्र्याचा सपाट डबा न्यावा, म्हणजे चुरा होणार नाही. चाळीसपेक्षा जास्त हव्या असतील तर आदल्या दिवशी सांगून कागदावर लिहून द्यावे आणि तो कागद काट्याखाली ठेवताना स्वतः पाहावा. अगशीची चटणी घेऊ नये.