गॉगलवर पॅच आणि ऑम्नीची जोडी: काही महिन्यांच्या वापरानंतर

सेटअप असा आहे: एफपीव्हीसाठी, म्हणजे ड्रोनच्या कॅमेऱ्याचं चित्र थेट बघत उडवण्यासाठी, ५.८ गिगाहर्ट्झ ॲनालॉग, डायव्हर्सिटी मॉड्यूल (दोन अँटेनांपैकी चांगला सिग्नल निवडणारा भाग) असलेला गॉगल. गॉगलसोबत आलेल्या दोन साध्या काड्या (काडीसारखे अँटेना) काढून एका पोर्टवर ८ डीबीआयचा पॅच (एकाच दिशेला बघणारा चपटा अँटेना) लावला आणि दुसऱ्यावर सुमारे २ डीबीआयचा ऑम्नी (चारही बाजूंचं पकडणारा). डीबीआय म्हणजे अँटेना एका दिशेला सिग्नल किती एकवटतो त्याचं माप. दोन्ही आरएचसीपी, म्हणजे उजवीकडे फिरत जाणाऱ्या लहरीचे (गोल पोलरायझेशन). ड्रोनवरही आरएचसीपी ऑम्नी. व्हीटीएक्स (ड्रोनवरचा व्हिडिओ ट्रान्समीटर) बहुतेक वेळ २०० मिलिवॅटवर. समोर मोकळं मैदान असेल तर चित्रात मुंग्या (ठिपक्यांचा गोंगाट) सुरू होण्याचं अंतर दुपटीच्या पुढे गेलं, तेही व्हीटीएक्सची पॉवर तेवढीच ठेवून. बाजूला आणि मागे मात्र फरक किरकोळ आहे. तो तसाच असायला हवा, कारण पॅच सिग्नल निर्माण करत नाही, फक्त एका दिशेला जास्त लक्ष देतो.

आधी हिशेब, कारण त्यावरच सगळी निवड ठरते. अंतर दुप्पट करायचं तर ६ डीबी लागतात. हे व्हीटीएक्सकडून काढायचे म्हणजे पॉवर चौपट: २०० चं ८०० मिलिवॅट. मग व्हीटीएक्स तापतो, बॅटरी जास्त खातो, शेजारी उडवणाऱ्यांच्या चॅनलवर घुसतो आणि अनेक देशांत कायद्याची मर्यादाही ओलांडतो. गॉगलवर २ च्या जागी ८ डीबीआय लावलं की तेच ६ डीबी रिसिव्हिंग बाजूला मिळतात, कुणालाही त्रास न देता. शिवाय जुन्या काड्या सरळ पोलरायझेशनच्या असतात आणि ड्रोनवरचा अँटेना गोल पोलरायझेशनचा असतो. या बेमेळ जोडीत ३ डीबी आधीच वाया जात होते. ते परत मिळाले. म्हणून दुपटीच्या पुढे.

पोलरायझेशनची बाजू चुकली तर मात्र सगळंच कोसळतं. ड्रोनवर आरएचसीपी आणि गॉगलवर एलएचसीपी (डावीकडे फिरणारा) असेल तर चांगल्या बनावटीच्या अँटेनांत २० डीबीच्या आसपास नुकसान होतं, म्हणजे रेंज दहाव्या भागावर येते. आणि अँटेना जितका चांगला, तितकं हे नुकसान जास्त. ॲनालॉगमध्ये आरएचसीपी जास्त चालतो, डीजेआयच्या पहिल्या पिढीच्या एफपीव्ही सिस्टिममध्ये एलएचसीपी. खरेदी करताना पाकिटावर नाही, अँटेनावर छापलेलं अक्षर बघा. डायव्हर्सिटी गॉगलवर एका पोर्टला आर आणि दुसऱ्याला एल लावणारेही दिसतात, "दोन्ही पकडेल" म्हणून. त्यात एक पोर्ट सरळ फुकट जातो.

गोल पोलरायझेशनचा खरा फायदा रेंजपेक्षा चित्राच्या स्वच्छतेत जाणवतो. भिंतीवर किंवा पत्र्यावर आपटून आलेल्या लहरीची फिरण्याची दिशा उलटते, आणि आर अँटेना त्या उलट लहरीला बऱ्यापैकी नाकारतो. इमारतींजवळ, पत्र्याच्या शेडशेजारी काड्यांवर जे चित्र फाटत होतं, रंग उडून काळं-पांढरं होत होतं, ते जवळजवळ थांबलं. दोनदा आपटलेली लहर पुन्हा मूळ दिशेची होते, त्यामुळे काँक्रीटच्या पार्किंगमध्ये थोडा त्रास राहतो. त्यावर अँटेना बदलून इलाज नाही.

आता डीबीआयच्या आकड्याचा मोह. ८ डीबीआयचा पॅच साधारण ७० ते ७५ अंशांचा पट्टा सांभाळतो. १३-१४ डीबीआयचे मोठे पॅच आणि लांब हेलिकल (स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या तारेचे अँटेना) ३५-४० अंशांवर येतात. ट्रायपॉडवरच्या ग्राउंड स्टेशनला (जमिनीवर ठेवलेल्या रिसीव्हरला) ते शोभतात. डोक्यावर नाही. कारण गॉगल घातल्यावर मान आपोआप वळते. ड्रोन उजवीकडे वळला की डोकंही त्याच्या मागे जातं, अवघड फटीतून जाताना हनुवटी छातीकडे येते आणि पॅच जमिनीकडे बघू लागतो. ७५ अंशांत एवढी चूक खपते, ३५ मध्ये खपत नाही. माझं ठाम मत: डोक्यावर ८-९ डीबीआयच्या वर जाऊ नये. लांब हेलिकलचं वजन पुढे लोंबतं आणि पोर्टचा सोल्डर सैल करतं, हा वेगळा तोटा.

दोन्ही पोर्टवर पॅच लावायचा विचार असेल तर सोडा. ड्रोन डोक्यावरून मागे गेला की दोन्ही एकदम आंधळे होतात, आणि घरी परतताना नेमकं हेच होतं. एक पॅच, एक ऑम्नी यालाच अर्थ आहे. चार अँटेनांच्या डिजिटल गॉगलवर दोन पॅच, दोन ऑम्नी. डिजिटलमध्ये खबरदारी जास्त हवी: ॲनालॉगमध्ये मुंग्या हळूहळू वाढत जातात आणि वळायला वेळ मिळतो, डिजिटलमध्ये ठोकळे दिसायला लागल्यावर चित्र गोठायला फार वेळ लागत नाही. बिटरेट (चित्राचा डेटा येण्याचा वेग) पडताना दिसला की तिथूनच वळावं.

ड्रोनवरचा अँटेना मात्र बहुतेकांच्या लक्षातून सुटतो, आणि निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच असतं. ऑम्नीच्या टोकाच्या दिशेने सिग्नल जवळजवळ जात नाही, तो आडवा पसरतो. वेगात पुढे जाताना ड्रोन ३०-४० अंश पुढे झुकलेला असतो, म्हणजे फ्रेमला सरळ उभा बसवलेला अँटेनाही तेवढाच पुढे झुकतो आणि सिग्नलचा पट्टा पायलटच्या रेषेवरून सरकतो. म्हणून अँटेना मागे झुकवून बसवायचा, नेहमीच्या कॅमेरा कोनाइतका. उडताना तो बऱ्यापैकी उभा राहतो. अँटेनाचं डोकं कार्बन फायबरच्या फ्रेमच्या पातळीच्या वर आणि बॅटरीपासून दूर हवं. कार्बन फायबर सिग्नल अडवतं, बॅटरीही अडवते. दोन सेंटिमीटर जास्त लांबीचा अँटेना घेऊन जो फरक पडतो, तो महागडा पॅच घेऊनही पडत नाही.

उंचीचंही असंच. १ किलोमीटर अंतरावर ५.८ गिगाहर्ट्झसाठी मधल्या बिंदूशी साधारण ३.६ मीटर त्रिज्येची जागा मोकळी लागते. गवताला घासून उडवलं तर ड्रोन दिसत असूनही सिग्नल पडतो. चार-पाच मीटर वर घेतलं की लगेच सुधारतो. झाडांचा पाला, त्यातही ओला, या फ्रिक्वेन्सीला फार खातो. पाल्याच्या आड जाणाऱ्याला कुठलाच पॅच वाचवत नाही.

टिकाऊपणा. पॅच जसाच्या तसा आहे. ऑम्नीमध्ये बिघाड येतो तो टोपीत नाही, खाली केबल जिथे कनेक्टरला मिळते तिथे. बाहेरून काहीच दिसत नाही, पण आतली जाळी तुटत जाते आणि रेंज अचानक तिसऱ्या हिश्श्यावर येते. तपासायची पद्धत: ड्रोन काही अंतरावर ठेवून चित्र बघत केबल बोटाने हलकेच हलवायची. मुंग्या येऊन-जाऊन राहिल्या तर अँटेना गेला. जोडाला हीटश्रिंक चढवली आणि केबल झिपटायने फ्रेमला बांधली की आयुष्य बरंच वाढतं. लावताना अँटेनाचं अंग फिरवायचं नाही, फक्त नट फिरवायचा, बोटांनी घट्ट होईल एवढाच.

कनेक्टरची गल्लत सर्वात महाग पडते. एसएमए आणि आरपी-एसएमए या अँटेना लावायच्या दोन प्रकारच्या कनेक्टरांचे आटे सारखेच, त्यामुळे चुकीची जोडीही छान बसते. फरक फक्त मधोमध: एकात पिन, समोरच्यात भोक, अशी जोडी हवी. दोन्हीकडे भोक असेल तर आत स्पर्शच होत नाही. दोन्हीकडे पिन असेल तर पिना एकमेकींवर दाबून वाकतात. व्हीटीएक्सच्या बाजूला अशी गल्लत झाली तर अँटेनाशिवाय चालवल्यासारखंच होतं आणि तो जळू शकतो. व्हीटीएक्सवरचा छोटा यूएफएल कनेक्टर सुमारे ३० वेळा काढण्या-लावण्यापुरताच बनवलेला असतो, तेव्हा तो एकदा दाबून वर पट्टी लावून ठेवावा. निवड हातात असेल तर एमएमसीएक्स घ्या, तो फिरतो आणि जास्त टिकतो. काटकोनी ॲडाप्टर गरजेपुरता एकच. एकावर एक लावलेले ॲडाप्टर थोडा-थोडा सिग्नल खातात आणि पॅच लोंबता ठेवतात.

नवीन अँटेना पारखायचा तर उडवून पारखू नका. व्हीटीएक्स २५ मिलिवॅटवर, ड्रोन लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या उभ्या काठीवर मीटरभर उंच, अंतर ५० ते १०० मीटर. प्रोपेलर काढलेले, व्हीटीएक्सवर छोट्या पंख्याची हवा. पाच मीटरवर तपासून काही कळत नाही, तिथे सगळेच अँटेना उत्तम वाटतात. एका वेळी एकाच पोर्टला अँटेना ठेवून सावकाश स्वतःभोवती फिरा, आणि कोणत्या कोनाला मुंग्या सुरू होतात ते बघा. पॅच ठीक असेल तर समोर स्वच्छ, सुमारे ४० अंशांपासून घसरण आणि पाठ केल्यावर चित्र जवळजवळ गायब. पाठ केल्यावरही चित्र तितकंच चांगलं राहिलं, तर ड्रोन अजून जवळ आहे. आणखी लांब नेऊन पुन्हा बघा.