सिटीचं इक्विटी कमिशन: पोराबाळांवाल्यांनी जावं का?

चार स्टार. पाचवा का कापला ते खाली येईलच, पण आधी हे सांगते की अमेरिकेत फॅमिली घेऊन राहणाऱ्या आपल्या लोकांनी आपापल्या सिटीच्या वेबसाइटवर जाऊन हे कमिशन एकदा शोधून ठेवावं. कुठे ह्यूमन रिलेशन्स कमिशन म्हणतात, कुठे ह्यूमन राइट्स, कुठे इक्विटी कमिशन, पण काम एकच, शहरात कुणावर भेदभाव होऊ नये हे बघायचं. आपल्यातले बरेच जण "ते गरिबांसाठी असतं, आपल्याला काय करायचंय" म्हणून बघतसुद्धा नाहीत आणि मग घरमालकाने त्रास दिला किंवा शाळेत काही बिनसलं की व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्री अकराला विचारत बसतात की कुणाला काही माहितीय का. माहिती असलेली माणसं सिटी हॉलमध्ये फुकट बसलीयत की!

आमच्या सिटीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडं कडू लिहिणार आहे आणि तिथली माणसं मनाने चांगली आहेत.

तर हे असतं काय, तर मेयरने नाहीतर सिटी कौन्सिलने नेमलेली मूठभर माणसं, सगळी बिनपगारी, दिवसा आपापली नोकरी करणारी. आमच्याकडे एक शाळेतली काउन्सेलर आहे, एक पास्टर, एक रिटायर झालेले पोस्टमन काका, एक कॉलेजातली पोरगी वगैरे. त्यांच्या दिमतीला सिटीचा एखाद-दुसरा पगारी माणूस, महिन्यातून एक मीटिंग, आणि वर्षभर फॅमिलीजसाठी चालणारे कार्यक्रम. मला वाटायचं हे सगळं आत्ताआत्ताचं फॅड असेल, पण नाही, याची मुळं १९४३ मध्ये आहेत. त्या उन्हाळ्यात डेट्रॉइटमध्ये वंशावरून दंगल पेटली, ३४ माणसं गेली, त्यातली २५ काळी, मग ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये भडका उडाला आणि शहराशहरांतले मेयर खडबडून जागे झाले. न्यूयॉर्कच्या मेयर ला ग्वार्डियांनी १९४४ मध्ये समिती नेमली, आज जे तिथलं कमिशन ऑन ह्यूमन राइट्स आहे त्याची सुरुवात तीच. म्हणजे दंगल झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आधीच लोकांना एकमेकांसमोर बसवा, हा साधा हिशोब.

आता कार्यक्रमांबद्दल, कारण आपल्याला त्याच्याशी मतलब.

फॅमिली नाइट. हा मला सगळ्यात आवडलेला प्रकार. रेक सेंटरच्या बास्केटबॉल हॉलमध्ये संध्याकाळी भरतो, आणि ज्याने कुणी तो आखलाय त्याने घरात लहान पोरं वाढवलेली असणार हे दारातून आत शिरल्या शिरल्या कळतं. पहिलं म्हणजे आधी जेवण, मग भाषणं, कारण सहा वाजता भुकेजलेलं पोर मांडीवर घेऊन कुठली आई प्रेझेंटेशन ऐकणार आहे. दुसरं, पोरांचा कोपरा हॉलमध्येच, दुसऱ्या खोलीत नाही, म्हणजे रडकं पोर आईला बघू शकतं आणि आई पोराला. पार्क्स डिपार्टमेंटच्या दोन ताया जमिनीवर मांडी घालून बसलेल्या, क्ले, पुठ्ठ्याचे खोके, आणि येणाऱ्या प्रत्येक पोराच्या पाठीवर स्टिकर, त्यावर नाव, घरची भाषा आणि कशाची अॅलर्जी असेल तर ती लाल पेनाने. घरची भाषा का लिहिता म्हणून मी विचारलं, तर त्यातली एक ताई म्हणाली पोर रडायला लागलं की त्याच भाषेतलं कुणी हॉलमध्ये आहे का ते पटकन बघता येतं. यांच्या कागदावरच्या व्हिजन स्टेटमेंटपेक्षा मला हे स्टिकर जास्त पटलं, खरं सांगते.

इंटरप्रिटरचे हेडसेट पण असतात. मराठी नव्हतं, हिंदी होतं. सासूबाई तेव्हा इकडे आल्या होत्या, त्यांनी ते एका कानाला धरून अख्खं भाषण ऐकलं आणि मध्येच मोठ्याने "बरोबर आहे!" म्हणाल्या, सगळे वळून बघायला लागले 😄 लायब्ररीच्या टेबलावर बियांची पाकिटं फुकट वाटत होते, सीड लायब्ररी म्हणतात त्याला, तर सासूबाई कोथिंबिरीचं पाकीट उघडून बघतात तर काय, "अगं हे तर धणे, घरात डबाभर आहेत." तरी घेतलं.

टेबलं बरीच असतात आणि सगळी काही कामाची नाहीत. बँकवाले, इन्शुरन्सवाले पण घुसतात, त्यांच्याकडून पेन घ्या आणि पुढे चला. थांबायचं ते घराच्या हक्कांवाल्या टेबलाशी.

माझ्या मैत्रिणीचं सांगते. तिला दोन लहान पोरं, अपार्टमेंट बघायला गेली, वरच्या मजल्यावरचं, तर मॅनेजरने गोड बोलून सांगितलं की खालचे लोक आवाजाची तक्रार करतील, तुम्हाला इथे बरं वाटणार नाही, दुसरं बघा. ती बिचारी घरी येऊन बसली, आपल्याकडेही सोसायटीवाले असंच काहीबाही सांगतात त्यामुळे तिला ते नॉर्मलच वाटलं. कमिशनच्या टेनंट क्लिनिकमध्ये, म्हणजे भाडेकरूंना सल्ला देतात तिथे, तिला कळलं की हे सरळसरळ बेकायदेशीर आहे. १९६८ चा फेअर हाउसिंग अॅक्ट आहे, त्यात १९८८ मध्ये बदल करून अपंगत्व आणि घरात लहान मुलं असणं या दोन गोष्टी घातल्या, म्हणजे पोरं आहेत म्हणून घर नाकारता येत नाही. काही अपवाद आहेत, जसं खास ५५ वर्षांवरच्या लोकांसाठीच्या वसाहती, किंवा मालक स्वतः राहतो अशी चार किंवा कमी घरांची छोटी बिल्डिंग, पण हे तर मोठं कॉम्प्लेक्स होतं. क्लिनिकवाल्या बाईंनी तिला मॅनेजरचे मेसेज जपून ठेवायला सांगितले, तारीखवार लिहून काढायला लावलं, आणि फेडरल हाउसिंग खात्याकडे तक्रार करायला एक वर्षाची मुदत असते हे पण सांगितलं. मग कमिशनच्या स्टाफने मॅनेजमेंटला एक साधं पत्र लिहिलं, धमकी वगैरे काही नाही. तोवर ते घर गेलं होतं, पण त्याच कॉम्प्लेक्समधलं दुसरं मिळालं, तेही वरच्याच मजल्यावर, आणि खालच्या लोकांची आजवर एकही तक्रार नाही.

दुसरं एक आपल्या लोकांना नेहमी सतावणारं, आई-वडील सहा महिन्यांसाठी येणार म्हटलं की घरमालक माणसं मोजायला लागतो. एका बेडरूमला दोन माणसं हा साधारण ठोकताळा फेडरल खातं वाजवी धरतं, पण तो काही कडक कायदा नाही, खोल्यांचा आकार, पोरांचं वय असं सगळं बघतात. हे पण तिथेच कळलं.

शाळेच्या बाबतीतलं टेबल मला सुरुवातीला फालतू वाटलं होतं कारण आपल्याला इंग्लिश येतं. पण ज्यांच्या घरी आजी-आजोबाच पोरांना सांभाळतात, किंवा नवरा ट्रक चालवतो आणि बायकोला इंग्लिश जमत नाही अशी पंजाबी, गुजराती, आपली पण कुटुंबं आहेत, त्यांच्यासाठी ते सोनं आहे. १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी मुलांच्या केसमध्ये, लाउ विरुद्ध निकोल्स, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मुलाला कळत नसलेल्या भाषेत नुसतं वर्गात बसवून ठेवणं म्हणजे शिक्षण नाकारणंच आहे. आणि सुप्रीम कोर्टाचाच १९८२ चा प्लायलर निकाल आहे, त्यामुळे मुलाकडे इमिग्रेशनचे कागद नाहीत म्हणून पब्लिक शाळा त्याला नाकारू शकत नाही. टेबलावरचे काका सगळ्यांना एकच गोष्ट घोकून सांगत होते, शाळेत मीटिंगला गेलात की इंटरप्रिटर मागा, स्वतःच्या पोराला दुभाष्या करू नका, कारण स्वतःचे मार्क कमी आहेत हे कुठलं पोर नीट भाषांतर करून सांगेल? हॉलमधले सगळे बाप हसले.

व्हिसावाल्यांसाठी एक गोष्ट, तिथे सरकारी मदतीच्या स्कीमांची पत्रकं खूप मिळतील. ग्रीन कार्डच्या रांगेत असाल तर काहीही भरायच्या आधी वकिलाला विचारा, पब्लिक चार्जचे नियम (सरकारी मदतीवर अवलंबून राहाल म्हणून ग्रीन कार्ड नाकारतात ते) सरकार बदललं की बदलतात आणि टेबलावरच्या व्हॉलंटियरचा शब्द इमिग्रेशनवाले मानत नाहीत. बाकी फॅमिली नाइट, स्टोरी टाइम, टेनंट क्लिनिक याला कुणी व्हिसा विचारत नाही, निदान आमच्याकडे तरी कधी विचारला नाही.

आता कडू.

मीटिंग. बाप रे. कार्यक्रम जितके जिवंत तितकी मीटिंग मेलेली. सुरुवातीला प्रोक्लमेशन म्हणजे जाहीरनामा वाचतात, अमुक महिना तमुक समाजाचा, आणि त्यात व्हेअरअॅज (ज्याअर्थी), व्हेअरअॅज करत अर्धा तास जातो, टाळ्या, फोटो. त्यानंतर लोकांनी बोलायचं, प्रत्येकाला दोन मिनिटं, समोर हिरवा-पिवळा-लाल दिवा. एक आजी आपल्या बिल्डिंगची लिफ्ट बंद असल्याचं सांगत होती, व्हीलचेअरवर होती, लाल दिवा लागला, "थँक यू फॉर युवर कॉमेंट." अजेंड्यावर नसलेल्या विषयावर त्यांना तिथेच चर्चा करता येत नाही, ओपन मीटिंगचा कायदा असतो, हे मला नंतर कळलं, पण त्या आजीला कुणी समजावलं नाही ना. ती खांदे पाडून निघून गेली. स्टाफमधला एक जण मागे धावला हे मी पाहिलं, त्याचे मार्क देते.

आणि कधी कधी कोरमच होत नाही. माणसं जमली, जेवण आलं, पण कमिशनर कमी पडले म्हणून मीटिंग रद्द. बिनपगारी काम आहे, मान्य, पण मग मोकळ्या जागा भरा की, अर्ज करणारे आहेत.

जातीचा विषय निघाला होता त्याबद्दल लिहू की नको असं झालं होतं, लिहितेच. सिएटलने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करायला कायद्याने बंदी घातली, अमेरिकेतलं पहिलं शहर, मग त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोने घातली. कॅलिफोर्नियाचं राज्याचं बिल विधिमंडळात पास झालं होतं पण ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसमनी व्हेटो केलं. त्या सुमारास आमच्याकडे एका मुलाने मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं की ऑफिसमध्ये आडनाव विचारतात, मग गाव, मग घरी काय खाता, आणि नंतर जेवायच्या टेबलावर त्याला कुणी बोलावत नाही. कमिशनरांना काही कळेना, एकाने विचारलं हे धर्माचं आहे का. पण नीट ऐकलं, नोट्स घेतल्या. आपल्या ग्रुपवर मात्र दुसऱ्या दिवशी "इकडे कशाला हे आणायचं, आपलीच बदनामी" सुरू झालं. ज्या फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद सगळ्यांना मोकळा केला त्यांच्या पुण्यातून आलेली माणसं असं लिहितात तेव्हा काय बोलायचं. असो. कमिशनने पुढे काय केलं विचाराल तर काही नाही. "नोटेड."

आणि पाचवा स्टार इथेच गेला. याच्या हातात अधिकार नाही. न्यूयॉर्कच्या कमिशनकडे स्वतःचा कायदा आहे, मुद्दाम केलेल्या भेदभावाला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड लावू शकतं, तिथले घरमालक घाबरतात. आमचं कमिशन कौन्सिलला शिफारस करतं, बस. कौन्सिलने ऐकलं तर ठीक. त्यात सर्व्हे तर इतके काढतात, तुम्हाला शहरात सुरक्षित वाटतं का, एक ते पाच, आणि त्याचं पुढे काय झालं ते सांगायला कुणी परत येत नाही. शनिवारचा लहान पोरांचा प्ले ग्रुप मस्त चालला होता, सोमाली आया, मेक्सिकन आया, आपल्या दोघी-तिघी, पोरं एकमेकांच्या भाषेत शिव्या शिकेपर्यंत मजल गेली होती, ग्रँट संपली आणि एका ईमेलमध्ये बंद. जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनहून डायव्हर्सिटी-इक्विटीवाल्या कार्यक्रमांविरुद्ध आदेश निघाल्यापासून तर स्टाफ कुठलीही गोष्ट हो म्हणायच्या आधी दहादा विचार करतोय, चेहऱ्यावर दिसतं. प्ले ग्रुप आम्ही आता पार्कात आपापला भरवतो, पण पाऊस पडला की संपलं, आणि ज्या आयांकडे गाडी नाही त्या येऊ शकत नाहीत, आधी सिटीची व्हॅन होती.

तर जायचं असेल तर माझं ऐका. मीटिंग सोडा, अगदी तुमचाच विषय अजेंड्यावर असेल तरच जा, आणि गेलात तर दोन मिनिटांचं घरून लिहून न्या. फॅमिली नाइट आणि टेनंट क्लिनिक मात्र चुकवू नका. क्लिनिकला जाताना लीजची कॉपी, मेसेजचे स्क्रीनशॉट, तारखा घेऊन जा, नाहीतर ते तुम्हाला परत पाठवतील आणि बरोबरच करतील. सिटीच्या साइटवर ईमेल लिस्ट असते तिथे नाव टाका, फेसबुकवर दोन दिवस आधीच टाकतात, तोवर चाइल्डकेअरच्या जागा भरलेल्या असतात. आणि इंटरप्रिटर हवा असेल तर फॉर्मवर आधीच लिहावं लागतं, आयत्या वेळी मिळत नाही. तिथे हिंदीवर टिक करून मोकळे होऊ नका, "इतर" मध्ये मराठी लिहा. मी स्टाफला विचारलं होतं मराठी का नाही, तर म्हणे कुणी मागितलंच नाही आजपर्यंत.